हे गाव जेवतं काय?

या वेळच्या ‘वाचकांचे प्रश्न’मध्ये एकच विषय आहे: टेबलाभोवती बसून खेळायच्या फॅन्टसी रोल-प्लेइंग खेळांसाठी पटेल असं गावाचं अर्थकारण कसं उभं करायचं. या खेळांत गेममास्टर जग रचतो आणि चालवतो; बाकीचे खेळाडू त्यात साहसवीर होऊन एका टोळीने, म्हणजे पार्टीने, फिरतात. अनेक बैठका चालणारी सलग कथा म्हणजे कॅम्पेन, एक बैठक म्हणजे सेशन. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलहून आलेल्या पत्रांतली सहा निवडली आहेत. नियमांचे आकडे दिले आहेत ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या खेळाडू-पुस्तकातले. तिथे १ गोल्ड म्हणजे १० सिल्व्हर आणि १ सिल्व्हर म्हणजे १० कॉपर. दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

आमच्या कॅम्पेनमध्ये खाडीकाठी तीन हजार वस्तीचं बंदर आहे. खानावळ, लोहार, देऊळ, जादूच्या वस्तूंचं दुकान, सगळं नकाशावर मांडलं आहे. तटाबाहेर लगेच घनदाट जंगल. एका खेळाडूने विचारलं, “मग ही माणसं जेवतात काय?” मला उत्तर देता आलं नाही. सुरुवात कुठून करायची?
*– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे*

त्याच प्रश्नापासून करा. दुकानं शेवटी.

मुलं-म्हातारी धरून माणशी वर्षाला २२० किलो धान्य धरा. तीन हजार माणसांना ६६० टन लागलं. आता ते पिकवणारं घर बघा. पाच माणसांचं कुटुंब, पाच हेक्टर जमीन, त्यातला तिसरा हिस्सा दरवर्षी पडीक. मध्ययुगीन युरोपात एक पोतं गहू पेरला तर चार-पाच पोती हाती येत. हेक्टरी ७०० किलो पीक धरलं आणि पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला काढलं, तर सव्वापाचशे उरतात. लागवडीखालच्या सव्वातीन-साडेतीन हेक्टरांचे मिळून झाले साधारण १,७५० किलो. घर खातं ११००. उरलेल्या ६५० मधून सारा जातो, बलुतं जातं, घुशी खातात, ओल लागते. बाजारात पोहोचतं ते निम्मं, ३३० किलो.

म्हणजे तुमच्या बंदरामागे दोन हजार शेतकरी कुटुंबं हवीत: दहा हजार माणसं, चाळीस-पन्नास वाड्या-खेडी. त्यांची शेतजमीन १०० चौरस किलोमीटर. गायरान, राई, नाले, खडकाळ माळ धरून दुप्पट करा. २०० चौरस किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या येते ८ किलोमीटर. बैलगाडी तासाला तीन किलोमीटर जाते. पहाटे निघालेला शेतकरी पावणेतीन तासांत बाजारात पोहोचतो, माल विकतो, मीठ-तेल घेतो आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. जमिनीचा आणि वाटेचा असे दोन्ही हिशेब एकाच आकड्यावर येऊन मिळाले की गाव बरोबर बसलं असं समजा. खेडी वीस किलोमीटरवर ठेवलीत तर शेतकऱ्याला मुक्काम करावा लागेल, आणि मग वाटेत धर्मशाळा, चारा आणि रात्रीचा पहारा हे तीन खर्च वाढतील.

जंगल तटाला भिडलेलं ठेवायचंच असेल तर धान्य होड्यांनी येतं असं ठरवा. तेही चालतं, पण मग होड्यांचा मालक गावाचा खरा धनी होतो, दरबारात कोणीही बसलेला असो.

दुसरा प्रश्न: ६६० टन धान्याच्या बदल्यात गाव देतं काय? खाडीकाठ आहे, तर मिठागर घ्या. आगर आणि आगरी हे शब्द ठाणे-उरण पट्ट्यात उगीच मुरलेले नाहीत. काम असं चालतं. उधाणाचं पाणी उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) खाजणात (खाडीकाठच्या सखल जमिनीत) घेतात आणि बांधाने अडवतात. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्या, अधिक उथळ वाफ्यात सोडत नेतात. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात. पाणी आटून दहावा हिस्सा राहिलं की मीठ धरू लागतं. सगळं पाणी मात्र आटू द्यायचं नाही. तळाशी राहिलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते सोडून द्यावं लागतं. लोभाने तेही आटवलं तर वजन वाढतं, पण मीठ कडवट होतं आणि गोणीतच पाझरायला लागतं. भेसळीच्या तपासाचं एक अख्खं सेशन या एका गोष्टीत आहे.

मिठाचा हंगाम पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंत. पुढचे चार महिने मिठागर बंद आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्याही किनाऱ्यावर. या दिवसांत गाव उसनवारीवर जगतं. तुमचे साहसवीर फाल्गुनात आले तर गावात हातोहात पैसा, हमालांची टंचाई आणि चढी मजुरी. आषाढात आले तर तीच माणसं अर्ध्या मजुरीवर वाटाड्या व्हायला तयार, आणि सावकाराच्या ओट्यावर रांग. आम्ही तर म्हणू, नकाशा काढण्याआधी गावाचं बारा महिन्यांचं कॅलेंडर काढा.

शेवटी सहाशे घरं वाटून टाका. मिठागरांवर १५०, मासेमारीत १२०, होड्या-बैल-हमालीत ९०, कारागीर १००, दुकानदार-अडते-सराफ ५०, देऊळ-दरबार-शिपाई ५०, बाकीची ४० पडेल ते काम करणारी. जादूच्या दुकानाला या सहाशेंत गिऱ्हाईक शोधून बघा. जखम भरणारं औषध ५० गोल्डचं आणि साध्या मजुराची रोजी २ सिल्व्हर, म्हणजे एक बाटली २५० दिवसांची मजुरी झाली. असं दुकान इथे चालणार नाही. वैद्याच्या कुलपातल्या पेटीत दोन बाटल्या असतील, आणि त्या कोणासाठी राखून ठेवल्या आहेत हे गावाला ठाऊक असेल.

नियमपुस्तकातली दरांची यादी जशीच्या तशी वापरतो. पण किमती एकमेकींशी जुळत नाहीत असं सारखं वाटतं. खेड्यात प्रत्येक जण सोन्याच्या नाण्यांत बोलतो तेही खटकतं. नवी यादी करावी का?
*– एक वाचक, ऐरोली*

अख्खी यादी नव्याने करू नका, वेळ फुकट जाईल. मजुराची एक दिवसाची रोजी हे माप घ्या आणि खेळात वारंवार येणाऱ्या दहा-बारा वस्तूच तपासा.

कोंबडीचंच बघा. यादीत कोंबडी २ कॉपरला आणि एक पौंड पीठही २ कॉपरला. गहू पौंडाला १ कॉपर, म्हणजे किलोला सव्वादोन. उकिरड्यावर टिपून खाणाऱ्या कोंबडीलाही कापण्याजोगी होईपर्यंत चार-पाच किलो दाणा घालावा लागला, तर दहा कॉपर त्यातच गेले. २ कॉपरला ती कोणी विकणार नाही. एक ते दीड सिल्व्हर लावा, म्हणजे मजुराची अर्धी-पाऊण रोजी. ‘आज कोंबडं कापलं’ या वाक्याला मग वजन येतं. दहा फुटी शिडी १ सिल्व्हरला आणि दहा फुटी बांबू ५ कॉपरला, ही जोडी तर खेळाडूंत प्रसिद्धच आहे: शिडी घ्या, दोन बांबू सुटे करून विका, पैसे वसूल आणि पायऱ्यांचं लाकूड फुकट. शिडी ३ सिल्व्हर करा आणि पुढे चला.

कारागिराच्या वस्तूची किंमत चार भागांत मोडा: कच्चा माल, दिवस गुणिले रोजी, जळण, वाहतूक. नवखा गेममास्टर जळण हमखास विसरतो. जुन्या भट्टीत दगडापासून किलोभर घडीव लोखंड काढायला दहा-पंधरा किलो कोळसा सहज जातो, आणि किलोभर कोळशाला पाच-सहा किलो लाकूड. म्हणून लोहार जंगलाजवळ असतो. जंगल तुटून लांब गेलं की नांगराचा फाळ महागतो, आणि फाळ महागला की शेतकरी कुरकुरतो. फॅन्टसीतल्या एल्फ जमातीने जंगलाला हात लावू दिला नाही तर गावात कोणाचं पोट आवळलं जातं, याचं उत्तर इथे मिळतं.

दर ठरवून देणारा राजा दाखवायचा असेल तर रोमन सम्राट डायोक्लीशनचा इ.स. ३०१ चा हुकूम डोळ्यांसमोर ठेवा. शेतमजुराला जेवणासह रोज २५ दिनार, सुताराला ५०, बाराशे पौंडांच्या गाडीला मैलाला २०, असे कमाल दर त्याने लावून दिले आणि मोडणाऱ्याला देहदंड सांगितला. त्या काळातल्या लॅक्टँशियस या लेखकाने लिहून ठेवलं आहे की माल भीतीने बाजारातून नाहीसा झाला. तुमच्या राजाने दर बांधले तर दुकानं रिकामी दाखवा आणि मागच्या दाराने चाललेला सौदा दाखवा.

खेड्यात नाणी कमी फिरवा. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट अशा बलुतेदारांना वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीत धान्याच्या वाट्याने मिळे. लोहाराला फाळाला धार लावायचे पैसे कोणी रोख देत नसे. तुमच्या खेड्यातल्या लोहारासमोर परक्या साहसवीराने सोन्याचं नाणं टाकलं तर त्याला ते मोडून कुठे मिळणार? तो म्हणेल, “दोन दिवस राहा, भाता ओढायला माणूस नाही.”

मापंही घाला: चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी. शेर गावागणिक थोडा वेगळा. आणि पायली भरायच्या दोन तऱ्हा, शीग लावून किंवा काठावर फळी फिरवून सपाट. घेताना शीग आणि देताना सपाट मोजणारा व्यापारी एकही खोटं माप न ठेवता गब्बर होतो. टेबलावर एखादी वाटी आणि मूठभर तांदूळ घेऊन हे खेळाडूंना करून दाखवा, लगेच समजतं.

बंदरातून घाटावर मीठ जातं, वाटेत दरोडेखोर आहेत. दर वेळी दरोडा पडतो, पार्टी लढते, संपतं. व्यापाराचा यात काही संबंधच येत नाही. हा मार्ग जिवंत कसा करायचा?
*– एक वाचक, सीबीडी बेलापूर*

एका फेरीचा हिशेब मांडा, बाकीचं त्यातून निघेल. नव्वद किलोमीटरची वाट, मध्ये घाट. पाठीवर गोणी लादलेले पाच बैल, प्रत्येकी १०० किलो, दिवसाला पंधरा किलोमीटर. जायला सहा दिवस, यायला सहा.

मीठ ५०० किलो म्हणजे ११०० पौंड. मिठागरावर पौंडाला २ कॉपरने घेतलं, २,२०० कॉपर. हाक्याची (बैल हाकणाऱ्याची) बारा दिवसांची रोजी २४०. बैलांचा चारा दिवसाला पाच-पाच कॉपर, ३००. तीन जकात नाके, प्रत्येकी खरेदीच्या विसाव्या हिश्शाने ११०, एकूण ३३०. झाले ३,०७०. दमट हवेत आणि फाटक्या गोणीतून विसावा हिस्सा गेला, उरलं १,०४५ पौंड. घाटावरच्या घाऊक बाजारात पौंडाला ४ कॉपर मिळाले तर ४,१८०. नफा १,११०, म्हणजे ११ गोल्ड. किरकोळ दुकानात तेच मीठ ५ कॉपरला, यादीतला दर बरोबर तोच.

आता दरोडा. मिठाची खरेदीची किंमत २२ गोल्ड, पण यादीत एक बैल १५ गोल्डचा, पाच बैल ७५ गोल्डचे. दहा फेऱ्यांत एकदा मीठ आणि बैल दोन्ही गेले तर दर फेरीमागे सरासरी विक्रीचे ४१८ अधिक बैलांचे ७५० म्हणजे १,१६८ कॉपरचं नुकसान. नफा १,११०. धंदा बसला. दहात एक दरोडा पुरे होतो! चार महिन्यांत त्या वाटेवर लुटायला कोणी उरणार नाही आणि दरोडेखोरही उपाशी मरतील.

म्हणून टिकून राहिलेला दरोडेखोर लुटत नाही, हप्ता घेतो. गोणीमागे मूठभर मीठ किंवा फेरीमागे १ गोल्ड, आणि बैलाला हात लावायचा नाही. तो जणू चौथा जकात नाकाच. पार्टीने त्याला मारलं तर व्यापारी खूष होतील का? दोन आठवडे होतील. मग त्याने दाबून ठेवलेल्या तीन लहान टोळ्या बैलांसकट सगळं न्यायला लागतील, आणि घाटावर मीठ ९ कॉपरला जाईल. खेळाडूंना हे आधी कळायची एक तरी संधी द्या. जुन्या हाक्याच्या तोंडून यावं, “तो होता तोवर बैल घरी येत होते.”

सत्ताधारी यात सामील असणंही नवं नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिलं आहे की इथून कातडी, सुती कापड बाहेर जातं, आणि राजाचा चाच्यांशी करार आहे: पकडलेल्या जहाजांवरचे घोडे राजाचे, बाकी लूट चाच्यांची. घोडे समुद्रमार्गे येत आणि राजाला ते हवे असत. ज्या वस्तूची गावाला सर्वांत जास्त गरज, तिच्याभोवतीच असे करार होतात. तुमच्या बंदराच्या सुभेदाराला नेमकं काय हवं आहे ते एका शब्दात लिहून ठेवा.

जकात नाका वाट बदलता येणार नाही अशा ठिकाणीच ठेवा: खिंड, नदीचा उतार, पूल, घाटमाथा. कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीच्या नाण्यांचा होता असं परंपरेने सांगतात. एकदा जाऊन त्या अरुंद वाटेत उभे राहा. मोकळ्या माळावर नाका ठेवलात तर खेळाडू वळसा घालून जातील, आणि त्यांचं बरोबर असेल.

बाजारातले मधले हात समजून घ्यायला तुमच्या घराजवळच वाशीची बाजार समिती आहे. पहाटे कांदा-बटाटा किंवा भाजीच्या बाजारात तासभर बाजूला उभे राहा. गाडी कोण खाली करतं, वजन कोण करतं, बोली कोण लावतं, पैसे कोणाच्या हातून कोणाकडे जातात, एवढंच टिपा. हमाली, तोलाई, अडत, हे प्रत्येक नाव म्हणजे एक माणूस आणि त्याचं कुटुंब. तुमच्या फॅन्टसी बंदरातल्या हमालांनी एक दिवस गोणी उचलल्या नाहीत तर काय काय नासेल, हा प्रश्न ड्रॅगनच्या हल्ल्याइतकाच थरारक होऊ शकतो.

पार्टीने ड्रॅगनच्या गुहेतून ४,००० सोन्याची नाणी आणली आणि दोन दिवसांत अख्खं गाव विकत घ्यायला निघाली. आता काय करू? नाणी काढून घेतली तर भांडणं होतील.
*– एक वाचक, कोपरखैरणे*

काढून घेऊ नका. आधी वजन करा. पुस्तकात पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे ऐंशी पौंड, ३६ किलो. ते कोणाच्या पाठीवर आहे, रात्री कुठे ठेवलं आहे आणि कोणी पाहिलं, हे विचारा.

मग गावातली रोकड मोजा. गाव पहिल्या पत्रातल्या बंदराएवढं, सहाशे घरांचं धरा; घरटी सरासरी ५ गोल्ड धरले तर तीन हजार. पार्टीच्या पोत्यात गावापेक्षा जास्त पैसा आहे आणि मोड द्यायला कोणीच नाही. सराफाकडेच जावं लागेल. तो नाणं कसोटीच्या काळ्या दगडावर घासेल, तोलेल, मेलेल्या राजाचा शिक्का बघेल आणि बट्टा सांगेल, शेकडा आठ-दहा. यात फसवणूक नाही. मराठेशाहीत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत आणि सराफ त्यांवर बट्टा लावत. जुनं नाणं गाळून नवं पाडायला खर्च येतो, तो कोणीतरी सोसायचा असतो.

किमती चढवा, पण सरसकट नको. आधी चढतील त्या पार्टीच घेते आणि गावात मोजक्याच असतात अशा वस्तू: घोडे, चिलखत, चांगली खोली, जमीन. भाकरी सर्वांत शेवटी. कैरोचं उदाहरण घ्या. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजच्या वाटेवर तिथे थांबला आणि हात सैल सोडून सोनं वाटलं. त्या काळचा अरब लेखक अल-उमरी लिहितो की आधी सोन्याचा मिस्काल (वजनाचं माप) २५ दिरहमांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली उतरत नसे, तो २२ किंवा त्याहून कमी झाला आणि बारा वर्षांनंतरही तसाच होता. ते कैरो होतं, तुमचं गाव तीन हजार वस्तीचं आहे. तिथे आठवड्याभरात घोडा ७५ वरून १५० गोल्डला गेला तर कोणालाही नवल वाटू नये. मात्र ज्या शेतकऱ्याला घोडा लागतो त्यालाही तो आता परवडत नाही. पार्टीला हे एखाद्या चेहऱ्यातून दिसू द्या.

सुटकेचा रस्ताही द्या, तो म्हणजे हुंडी. पेढीवर सोनं भरायचं, शेकडा दोन-तीन हुंडणावळ द्यायची, कागद घेऊन दुसऱ्या शहरात जायचं. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबायचं. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळतात, त्यामुळे चोराला तिचा उपयोग नाही. आता पार्टीला पत असलेला ओळखीचा व्यापारी लागेल, आणि पुढच्या शहरात जायला तेवढं कारण पुरतं.

आणि सापडलेलं धन कोणाचं, हे ठरवलं आहे का? आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तुमच्या राज्यात असा नियम असेल तर सुभेदाराचा कारकून तिसऱ्या दिवशी दारात येईल. असा नियम आहे हे मात्र गुहेत शिरण्याआधी खेळाडूंच्या कानावर गेलेलं असू द्या, नाहीतर भांडण होईलच.

ताई-दादा, मी अकरावीत आहे. आमच्या खेळात क्लेरिक (मंत्र येणारा पुजारी) मंत्राने जेवण तयार करतो. मग शेतकरी हवेतच कशाला? मित्र म्हणतात की जादू असली की अर्थकारण वगैरे सगळं खोटंच.
*– एक वाचक, कळवा*

मित्रांना गुणाकार करून दाखव. अन्नपाण्याचा तो तिसऱ्या पातळीचा मंत्र पंधरा माणसांना एक दिवस पोसतो. अनुभवाच्या पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला असे दोन मंत्र दिवसाला करता येतात: तीस माणसं. तीन हजारांच्या गावाला असे शंभर क्लेरिक लागतील, आणि त्यांनी रोज दुसरं काहीच करायचं नाही. ते अन्न बेचव असतं आणि चोवीस तासांत नासतं, म्हणजे साठवता येत नाही, विकायला नेता येत नाही. शेतकरी राहणारच.

मीठही करून बघ. पाणी नाहीसं करणारा पहिल्या पातळीचा मंत्र दहा गॅलन, म्हणजे ३८ लिटर पाणी घालवतो. खाडीचं पाणी घेतलंस तर मागे किलोभर मीठ उरेल, किंमत ११ कॉपर. मजुराची अर्धी रोजी! कोणताही क्लेरिक यासाठी मंत्र खर्च करणार नाही.

जादू कुठे फरक पाडते तर जिथे माणसं थोडी आणि गरज मोठी असते. वेढ्यात अडकलेल्या साठ शिपायांच्या किल्ल्याला दोन क्लेरिक वर्षानुवर्षं तगवतील, त्यामुळे उपासमारीने किल्ला पाडायचा बेत तुझ्या जगात चालणार नाही. तसंच निरोप पोहोचवणाऱ्या मंत्राचं. घाटावर मिठाचा भाव चढला ही बातमी एका व्यापाऱ्याला सहा दिवस आधी कळली तर तो बाकीच्यांना बुडवू शकतो. तुमच्या टेबलावरचा प्रत्येक मंत्र असा तपासा: दिवसाला किती वेळा, किती जणांना, आणि तेच काम मजुराकडून करून घेतलं तर किती पैसे.

हे सगळं आवडतं, पण सेशन शनिवारी रात्री आणि तयारीला एक तास. कमीत कमी काय लिहून ठेवावं?
*– एक वाचक, पनवेल*

वहीचं एक पान. वर चार ओळी: गावात काय येतं, गावातून काय जातं, कोणत्या वाटेने, मध्ये कोण किती घेतं. तुमच्या पानावर असं काही दिसेल: ‘धान्य येतं, आठ किलोमीटरच्या खेड्यांतून. मीठ जातं, घाटाने. तीन नाके, एक हप्ता. बैल लमाणांच्या तांड्याचे.’ त्याखाली पाच वस्तूंचे दर, रोजीच्या हिशेबात. मग हा महिना कोणता आणि त्यात कोणाच्या हातात पैसा आहे ते. शेवटी एक तडा: या चार ओळींपैकी सध्या कुठली मोडते आहे.

खेळातला एक महिना सरला की सहा बाजूंचे दोन फासे टाका. सहा, सात, आठ आले तर सारं सुरळीत. चार-पाच आले तर येणाऱ्या मालात अडथळा, त्याचे दर दीडपट. नऊ-दहा आले तर जाणारा माल तुंबला, गावात मजुरी पडली. दोन-तीन म्हणजे वाटच बंद, अकरा-बारा म्हणजे नवा गिऱ्हाईक किंवा नवी वाट. जे येईल ते पानावरच्या एका नावाशी जोडा. ‘जाणारा माल तुंबला’ आलं तर गोदामात मीठ साचलं आहे, गोण्यांखालची जमीन पाझरून ओली झाली आहे आणि अडत्या भाड्याच्या खोलीसाठी खानावळवाल्याशी हुज्जत घालतो आहे. पार्टी जेवायला बसेल तेव्हा शेजारच्या टेबलावर हेच चाललेलं असू द्या.

दोन महिन्यांपेक्षा पुढचं आधी टाकून ठेवू नका. पार्टी मध्येच पूल जाळते आणि सगळं पुन्हा लिहावं लागतं.